पाकीट क्रमांक सदतीस

मिरज. सकाळचे पावणेआठ.
सिस्टर मार्था आवळे पाकीट फोडते,
आतली चिठ्ठी वाचते, मला दाखवत नाही.
तसं ठरलंय आमचं.
पाठमोरी उभी राहून औषध भरते.
सिरिंजवर फक्त आकडा: सदतीस.

दोन्ही औषधं पाण्यासारखी.
दुधासारखं ते तिसरं आम्ही घेतलंच नाही,
रंगच चुगली करतो.

टेबलावर यल्लाप्पा ऐवळे, वय बावन्न,
हमाल, सांगली मार्केट यार्ड.
उजव्या खांद्यातला स्नायू फाटलाय,
तीस वर्षांच्या पोत्यांनी.
नखांतली हळद तीनदा घासूनही जात नाही.

मानेच्या कडेला, मशीनच्या करड्या पडद्यावर
एकाखाली एक तीन काळे मणी.
त्यांच्याशेजारी सुई.
वीस मिनिटांत हात परका होतो.
डाव्या हातानं उजवा उचलून बघतो,
सोडतो, पुन्हा उचलतो:
"म्याडम, ह्यो कुणाचा म्हनायचा?"
आवाज थोडा बसलाय, एक पापणी ढळलीय.
होतं असं, मी सांगते, रात्रीपर्यंत जाईल.

बधिर म्हणतो आपण. शब्द मुळात कानाचा.
खांदा झाला बहिरा, आणि कान लख्ख जागे.
आता दोन तास
कानापासून वीतभर अंतरावर
हाडात भोकं पडणार, ठोकाठोक होणार,
मधूनच ऑर्थोवाल्यांच्या प्लॉटच्या गप्पा.
दुसरं औषध त्यासाठी.
दुखू नये म्हणून नव्हे. ऐकू येऊ नये म्हणून.

एक औषध पाटीसारखं पुसतं.
माणूस बोलतो, हसतो, पाणी मागतो,
संध्याकाळी त्यातलं काहीच त्याच्याकडे नसतं.
बाविसाव्या पाकिटातल्या अक्काताई चौगुले,
तासगावच्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
ऑपरेशनभर ट्रंककॉल जोडत होत्या:
कवठे महांकाळ, बोला. जत, लाइन धरा.
वॉर्डात विचारलं तर म्हणाल्या,
"मी? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

दुसरं माणसाला उथळ पाण्यात निजवतं.
हाक मारली की डोळे उघडतो,
हां म्हणतो, परत आत.
पण नाडी खाली ओढतं,
आणि बसवून ठेवलेल्या माणसाचं रक्त
तसंही डोक्याकडे चढायला कुरकुरतं.

नऊ चाळीस. ड्रिल सुरू.
नाडी साठ, चोपन्न, सत्तेचाळीस.
माझा हात दुसऱ्या सिरिंजवर जातो, थांबतो.
"यल्लाप्पा!"
डोळे उघडतात. "किती झाली?"
"काय किती?"
"पोती."
मी पडद्यापलीकडे वाकून बघते,
हाडात दोन खिळे बसलेत, एक बाकी.
"दोन," मी म्हणते. "तिसरं चढतंय."
"चढू दे. मंग च्या पिऊ."
नाडी बावन्न. हात मागे घेते.

फॉर्मवर रकाने आहेत:
नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन,
झोपेची खोली एक ते सहा,
रुग्णाचं समाधान, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांसहित.
पोत्यांना रकाना नाही. ट्रंककॉललाही नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं लिहिते.
खोडणारे खोडतील.

उद्या माझाच खांदा निखळला
तर मार्थाला मी कुठलं पाकीट मागेन?
हा प्रश्न मी घरी नेत नाही.
बसस्टँडपर्यंत येतो कधीकधी.

संध्याकाळी राउंडला तो बोटं हलवून दाखवतो.
"आला का हात परत?"
"बोटं आली. खांदा वाटंत हाय."
मग हळूच, शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये असं,
"तिसरं चढलं का वो शेवटी?"

चढलं, मी म्हणते.
आणि मला कळतं पाकिटात काय होतं.
कळायला नको होतं.
'औषध ओळखता आले का' या ओळीपुढे
माझं पेन थोडा वेळ नुसतं उभं.

"मग च्या?" तो विचारतो.
दारातून मार्था म्हणते, सहानंतर.